खडकाळ किनाऱ्यांची छायाचित्रे छापता, तसा लाटांचा इशाराही छापा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाकडील आडबाजूच्या, गर्दीपासून दूर असलेल्या समुद्रकिनाऱ्यांवर सचित्र लेख आले. ते मी मन लावून वाचले, कारण तसाच एक किनारा मी स्वतः पाहून आलो आहे. कन्याकुमारी जिल्ह्यात मुट्टमच्या आसपास जे खडकाळ किनारे आहेत, त्यांपैकी एका किनाऱ्यावर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरची पाच माणसे गेलो होतो. त्या जागेचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे ना सूचनाफलक आहे, ना जीवरक्षक, ना मोबाइलला भरवशाची रेंज, आणि या पत्राच्या निमित्ताने तिथे चार माणसे जास्त गेली तर त्याचा भार माझ्या मनावर राहील. आपल्या लेखांत त्या सौंदर्याचे वर्णन योग्यच झाले आहे. परंतु तिथल्या समुद्राच्या स्वभावाविषयी एक ओळही त्यांत नव्हती, आणि एका लेखासोबतच्या छायाचित्रात तर एक तरुणी खडकाच्या अगदी शेवटच्या कडेवर, पाण्याकडे पाठ करून उभी होती. त्या छायाचित्रामुळेच हे पत्र लिहायला घेतले.

आधी त्या जागेविषयी सांगतो, कारण तिचे आकर्षण मान्य केल्याशिवाय तिच्या धोक्याबद्दल बोलणे खोटे ठरेल. कन्याकुमारीला आपल्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. एकनाथजी रानडे यांच्या अथक परिश्रमांतून १९७० मध्ये विवेकानंद शिला स्मारक उभे राहिल्यापासून तर तो प्रवास मराठी घरांत जवळजवळ यात्रेसारखाच झाला आहे. स्मारक पाहून झाले, सूर्योदय-सूर्यास्त पाहून झाला, की उरलेल्या एका दिवसात जवळपास काय पाहावे, असा प्रश्न पडतो आणि तेव्हा पश्चिमेकडच्या किनाऱ्याचे नाव निघते. मुट्टम तिथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. आम्ही गाडी वर सोडली आणि केवड्याच्या जाळीतून गेलेल्या एका पाऊलवाटेने खाली उतरलो, तेव्हा समोर जे दिसले त्याने आम्ही सगळेच काही क्षण गप्प झालो. हत्तींचा कळप पाण्यात बसावा तसे गोलसर, प्रचंड खडक, त्यांच्यामधून आत शिरलेले निळे-हिरवे पाणी, आणि खडकांच्या कुशीत ओंजळभर रुंदीचे वाळूचे तुकडे. दुसरे कोणीही नव्हते.

हे खडक जवळून पाहण्यासारखे आहेत. राखाडी आणि तांबूस पट्ट्यांमध्ये गार्नेटचे लाल खडे डाळिंबाच्या दाण्यांसारखे रुतलेले दिसतात. साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे एकमेकांना भिडत असताना, जमिनीच्या खोल पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने हा दगड असा घडला. लाटा तो झिजवतात, त्यातले हलके कण वाहून नेतात आणि जड कण मागे ठेवतात. म्हणून तिथली वाळू एका ठिकाणी काळी, दोन पावलांवर लालसर, तर पलीकडे पिवळट दिसते. काळी ती इल्मेनाइट या खनिजाची, लाल ती गार्नेटची. याच जिल्ह्यातल्या मणवाळकुरिची इथे वाळूतल्या मोनाझाइट या खनिजाचा शोध १९०९ मध्ये लागला, आणि पुढे त्यातल्या थोरियममुळे या वाळूचे नाव देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाशी जोडले गेले. माझ्या पुतण्याने ती तीन रंगांची वाळू तळहातावर घेऊन तिचे थर दाखवले, तेव्हा आम्ही घरी नेण्यासाठी थोडी बाटलीत भरावी का, असा विचारही केला, आणि मग ती जिथली तिथेच ठेवली.

त्या दिवशी वारा पडला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्तापासून आठ अंश उत्तरेला, दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आणि माणसाची सावली त्याच्या पायाशी गोळा होऊन बसते. खडक इतका तापला होता, की अनवाणी दोन पावलेही टाकता येत नव्हती. समुद्रावर पांढरा फेस जवळपास नव्हताच. पाणी हळूहळू वर येत होते आणि हळूहळू खाली जात होते. 'आज समुद्र अगदी शांत आहे,' असे आमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी म्हटले असेल. आम्ही पाण्यापासून पुरेशी उंच वाटली अशी एक सपाट शिळा निवडली, चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि तिच्या सावलीच्या बाजूला बसलो.

आम्ही उतरलो त्याच वाटेने थोड्या वेळाने एक वयस्कर मच्छीमार आला. आम्हाला पाहताच त्याने हात हलवून वर येण्याची खूण केली. तो जे बोलला, त्यातला 'कडल' हा समुद्र या अर्थाचा एकच शब्द मला ओळखता आला. आम्ही हसून, मान डोलावून, आम्ही पाण्यात उतरणार नाही, अशा अर्थाच्या खुणा केल्या. त्याचे समाधान झाले नाही. तो खाली आला, माझ्या मनगटाला धरून त्याने मला शिळेच्या मागच्या बाजूला नेले आणि माझ्या डोक्याच्याही वर असलेल्या एका खळग्याकडे बोट दाखवले. मी टाचा उंचावून पाहिले. खळग्याच्या तळाशी मिठाचा पांढरा, कोरडा थर होता, आणि त्याच्या कडेला वाळून कडक झालेला समुद्रशेवाळाचा एक तपकिरी तुकडा चिकटला होता. त्याने तो तुकडा खरवडून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा समुद्राकडे बोट दाखवले. समुद्र इथपर्यंत येतो, हे त्याला मला सांगायचे होते, आणि त्यासाठी भाषेची गरज उरली नव्हती.

आम्ही उठलो. पत्नी आणि वहिनी मुलीला घेऊन वाटेला लागल्या; पुतण्या चपला आणि पिशवी घेण्यासाठी मागे वळला. लाट फुटल्याचा आवाज झाला नाही, पाण्याची भिंतही दिसली नाही; समोरचे पाणी नुसते वर यायला लागले आणि वर येतच राहिले. हौदाचा नळ उघडा राहावा तशी त्याची पातळी चढली, शिळा बुडाली, पुतण्याच्या गुडघ्यांपर्यंत पाणी आले, आणि मग तेच पाणी परत फिरताना त्याचे पाय घेऊन निघाले. मच्छीमाराने त्याला दंडाला धरून खेचले म्हणून तो वाचला. खडकाला चिकटलेल्या बार्नकलच्या धारदार कवचांनी त्याची उजवी पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलली गेली. चपला आणि पिशवी दोन लाटांमध्ये दिसेनाशा झाल्या. पुढची दहा मिनिटे समुद्र पुन्हा पहिल्यासारखाच शांत होता, आणि आम्ही वर पोहोचून मागे पाहिले, तेव्हा ती शिळा उन्हात वाळतही आली होती.

घरी परतल्यावर मी या प्रकाराविषयी जे मिळेल ते वाचले, आणि त्यातून जे समजले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या किनाऱ्यावर, आणि त्याला लागून असलेल्या केरळच्या किनाऱ्यावर, अशा समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. कळ्ळन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. चोरपावलांनी येणारा समुद्र. मच्छीमारांच्या बोलीतला हा शब्द इतका अचूक आहे, की २०१२ मध्ये युनेस्कोने तो शास्त्रीय संज्ञा म्हणून स्वीकारला. या लाटा जवळच्या वाऱ्याने उठत नाहीत. भारताच्या दक्षिण टोकापासून थेट दक्षिणेला निघाले, तर एखाददुसरे चिमुकले बेट सोडता अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. त्या अफाट दक्षिण महासागरात मोठी वादळे होतात, तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करतात, आणि जिथे ना वारा आहे ना ढग अशा आपल्या उन्हाळी किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यांना स्वेल म्हणतात.

प्रवास जितका लांबचा, तितक्या लाटा लांब आणि सुटसुटीत होत जातात. जवळच्या वाऱ्याच्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात, तर या पंधरा, अठरा किंवा वीस सेकंदांनी. अठरा सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी सुमारे ५०० मीटर असते, आणि अशा लाटांचा जथा ताशी साधारण ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे १,२०० किलोमीटर, पुढे सरकतो. उंची मीटर-दीड मीटरच असल्यामुळे खोल पाण्यात ती लाट डोळ्यांना जवळजवळ जाणवतही नाही. परंतु तिच्यात सामावलेले पाणी आणि शक्ती साध्या लाटेहून कितीतरी जास्त असते. वाळूच्या उतरत्या किनाऱ्यावर अशी लाट लांबूनच फुटायला लागते आणि येता येता दमते. खडकाळ किनाऱ्यावर मात्र पाणी अगदी कडेपर्यंत खोल असते, त्यामुळे तिला फुटायला जागाच मिळत नाही, आणि तिची सगळी शक्ती खडकावर वर चढण्यात खर्च होते. आम्हाला आवाज का आला नाही आणि पाणी नुसते 'वाढले' असे का वाटले, याचे उत्तर मला इथे मिळाले.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष उपयोगाची आहे. आपण मराठी माणसे समुद्राचा विचार भरती-ओहोटीच्या हिशेबाने करतो, आणि मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जात असल्याने तो हिशेब आपल्या किनाऱ्यावर योग्यही आहे. दक्षिण टोकाशी मात्र हा फरक फार तर मीटरभराचा असतो. अमावस्या-पौर्णिमा टाळून, ओहोटीची वेळ पाहून गेलो म्हणजे आपण सुरक्षित, असा समज घेऊन तिथे गेलेला माणूस चुकीच्या गोष्टीवर विसंबलेला असतो. आम्हीही तेच केले होते. मी मोबाइलवर तापमान पाहिले होते, पावसाची शक्यता पाहिली होती, वारा पाहिला होता, आणि ओहोटीची वेळही टिपून घेतली होती. लाटांचाही अंदाज वर्तवला जातो, हेच मला ठाऊक नव्हते.

तो अंदाज वर्तवला जातो, आणि तो आपल्याच देशात, सरकारी संस्थेकडून आणि विनामूल्य. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला थोडक्यात 'इन्कॉइस' म्हणतात, ही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालील संस्था १९९९ पासून कार्यरत आहे. उंच लाटांचे आणि दूरवरून येणाऱ्या स्वेलचे इशारे ती राज्यवार, किनाऱ्याच्या पट्ट्यांनुसार आणि वेळांसह जाहीर करते. वादळ हजारो किलोमीटर दूर असल्यामुळे लाटा इथे पोहोचायला बरेच दिवस लागतात, आणि म्हणूनच हा इशारा आधी देता येतो. २०२४ च्या मे महिन्यातले उदाहरण घ्यावे. २६ एप्रिलच्या सुमारास दक्षिण अटलांटिक महासागरात, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १०,००० किलोमीटर दूर, कमी दाबाचे एक क्षेत्र पुढे सरकले, दोन दिवसांत ते दक्षिण हिंद महासागरात शिरले, आणि त्याने उठवलेल्या लाटा ४ मेच्या पहाटे केरळच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचल्या. इन्कॉइसने याबाबत आधीच सावध केले होते. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील गणपतिपुरमजवळच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच विद्यार्थी समुद्रात ओढले गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. ती विशीतली मुले होती. इशारा दिला गेला होता, परंतु इशारा दिला जाणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

मला नेमके या अंतराबद्दल बोलायचे आहे. मच्छीमारांपर्यंत हा इशारा त्यांच्या संघटनांमार्फत, बंदरांवरून, एकमेकांच्या बोलण्यातून पोहोचतो. नावा किनाऱ्यापासून वर ओढून एकमेकींपासून अंतर ठेवून बांधल्या जातात, जाळी आत घेतली जातात. २००४ च्या त्सुनामीत आणि २०१७ च्या ओखी चक्रीवादळात या जिल्ह्याने आपली माणसे गमावली आहेत, त्यामुळे तिथे समुद्राचा इशारा कुणी हलक्यात घेत नाही. हजारभर किलोमीटरवरून दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक मात्र या साखळीत कुठेच नसतो. तो तिथली भाषा बोलत नाही, तिथले वर्तमानपत्र वाचत नाही, आणि निघण्यापूर्वी त्याने जे काही वाचलेले असते ते आपल्या दैनिकासारख्या मराठी दैनिकांतच वाचलेले असते. त्या वाचनात लाटांचा उल्लेख नसेल, तर त्याला तो दुसरीकडे कुठे भेटण्याची शक्यता फार थोडी.

माझी विनंती अगदी साधी आहे. आपण रोज हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापता. इन्कॉइसचा उंच लाटांचा किंवा स्वेलचा इशारा लागू असेल त्या दिवशी त्याच चौकटीत एक ओळ वाढवावी: कोणत्या किनाऱ्याला, कधीपासून कधीपर्यंत. ती केवळ आपल्या राज्याच्या किनाऱ्यापुरती नसावी, कारण मार्च ते मे या सुट्ट्यांच्या काळात आपले हजारो वाचक दक्षिणेत असतात आणि नेमक्या याच काळात, पावसाळ्याच्या आधी, स्थानिक समुद्र शांत असताना हे पाहुणे पाणी फसवते. पर्यटन पुरवणीतल्या प्रत्येक किनाऱ्याच्या लेखाखाली जसे अंतर आणि जाण्याचा मार्ग दिलेला असतो, तसे तिथे जीवरक्षक आहे की नाही, किनारा वाळूचा आहे की खडकाचा, आणि लाटांचा इशारा कुठे पाहावा, हेही द्यावे. आणि कडेवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे कृपया छापू नयेत. वाचक लेख विसरतो, छायाचित्र विसरत नाही. तिथे पोहोचल्यावर त्याला नेमकी तीच जागा आणि तशीच पोझ हवी असते. मी खोटे कशाला बोलू, पुतण्याचे तसे एक छायाचित्र त्या दिवशी मीच काढले होते.

जे तिथे जाणारच आहेत त्यांच्यासाठी, आणि जाऊ नका असे मी कुणालाही म्हणणार नाही, त्या मच्छीमाराने शिकवलेले आणि पुढे वाचनातून पक्के झालेले थोडे सांगतो. खडकाळ किनाऱ्यावर उतरल्यावर लगेच पुढे जाऊ नये. वरच्या बाजूला, कोरड्या जागी, निदान वीस मिनिटे समुद्राकडे नुसते पाहत बसावे. या लाटा जथ्याने येतात. दोन-तीन मोठ्या लाटा आल्या की मधे कितीतरी मिनिटे काहीच घडत नाही, आणि दोन मिनिटे पाहून 'शांत आहे' असे ठरवणारा माणूस नेमक्या त्या मधल्या काळाला फसतो. खडकही बरेच काही सांगतो. खाली हिरवट शेवाळ आणि बार्नकल असलेला पट्टा रोजच भिजतो, त्यावर पाऊल ठेवूच नये. त्याच्या वरचा काळपट, गुळगुळीत पट्टा कोरडा दिसला तरी तिथे पाणी नेहमी पोहोचते, आणि थोडा ओलावा मिळाला की तो तेल लावल्यासारखा निसरडा होतो. त्याहूनही वर खळग्यांत मीठ, शिंपल्यांचे तुकडे किंवा वाळलेले शेवाळ दिसले, तर समुद्र अधूनमधून तिथपर्यंतही येतो, असे समजावे आणि आपली बैठक त्याच्याही वर मांडावी. पाण्याकडे पाठ करू नये. पायांत पकड असलेल्या, मागून बंद होणाऱ्या सँडल असाव्यात. निसटलेल्या वस्तूच्या मागे जाऊ नये. चपलेच्या एका जोडापायी आमच्या घरातले मूल जाता जाता राहिले.

आणि कुणी पडलेच, तर मागोमाग उडी टाकण्याची ऊर्मी आवरावी, हे सांगणे सोपे आणि करणे महाकठीण आहे, याची मला त्या दिवसापासून कल्पना आहे. परंतु अशा अपघातांत वाचवायला गेलेली माणसेच अनेकदा बुडतात. तरंगेल असे काहीही, रिकामा प्लास्टिकचा कॅन, पाण्याच्या मोठ्या बाटल्या भरलेली पिशवी, दोरी, त्याच्याकडे फेकावे, नजर त्याच्यावरून हलू देऊ नये, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. पडलेल्या माणसाने तोच खडक पुन्हा धरण्याचा प्रयत्न करू नये, कारण पुढची लाट त्याला त्याच खडकावर आपटते. शक्य झाल्यास कडेपासून दूर, मोकळ्या पाण्यात जावे, पाठीवर तरंगावे आणि मदतीची वाट पाहावी. रेंज नसेल तर हे क्रमांक असून नसल्यासारखे, म्हणून निघण्यापूर्वी आपण कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून जावे. भाषा येत नसली तरी गावातल्या माणसाला हाताने विचारावे. वरून कुणी हाक मारली, तर ती अडवणूक समजू नये. आम्ही ती तशी समजलो होतो.

त्या मच्छीमाराचे नाव मला ठाऊक नाही. पुतण्याच्या पोटरीवर आपल्या खांद्यावरचा पंचा घट्ट बांधून, गाडीपर्यंत त्याला आधार देत तो आमच्याबरोबर चढून आला, आणि आम्ही देऊ केलेले पैसे हातानेच दूर सारून परत खाली गेला, कारण त्याला त्याची नाव आणखी वर ओढून घ्यायची होती. जिल्हा रुग्णालयाचा रस्ता त्याने बोटाने मातीत काढून दाखवला होता. पुतण्याच्या पायाला नऊ टाके पडले. आता तो व्यवस्थित चालतो, आणि समुद्रावर जाण्याची त्याची ओढ तेवढीच आहे, याचा मला आनंदच आहे. शेवाळाचा तो तपकिरी तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात राहिला होता; तो घरी आला आणि आता माझ्या टेबलावर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीची पुरवणी आपण लवकरच काढाल. त्या पुरवणीत दक्षिणेच्या किनाऱ्यांवर लेख असणार, आणि ते असावेतच. त्यांच्यासोबत लाटांच्या इशाऱ्याची ती एक ओळ छापून येईल, या अपेक्षेने हे पत्र पाठवत आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक